साडेसात की पावणेचार

ब्रायरक्रेस्ट टेप कंपनीत वेंडेल हाउप्टची एक खुर्ची होती. हिरव्या रेक्झिनची, पाठीला चिकटपट्टी लावलेली, दोन स्पीकरांच्या बरोबर समोर. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसत नसे. मालक ग्रॅबनर ऐकायला आला तर तोसुद्धा भिंतीला टेकून उभा राहायचा. कारखान्यात गाण्यांची रिळं भरली जायची, प्रत्येक खेपेतलं एक रीळ वेंडेलपुढे यायचं. तो डोळे मिटून ऐकायचा आणि त्याने मान हलवली तरच ती खेप दुकानांत जायची. डब्याच्या कोपऱ्यात छापलेलं असायचं, ‘वेंडेल हाउप्ट यांनी ऐकलेले’. शिकागोपासून सेंट लुईसपर्यंतचे शौकीन तेवढ्या ओळीवर डबा उचलायचे.

आणि वेंडेलला ऐकू येत नव्हतं.

ठार बहिरा नव्हता तो. बोललेलं कळायचं, बासचा जाड घुमारा कळायचा, दार कुठलं आपटलं तेही कळायचं. गेलं होतं ते वरचं, बारीक. झांज वाजवून झाल्यावर हवेत राहते ती झिणझिण, व्हायोलिनची किनार, गाणाऱ्या बाईने शब्दाआधी घेतलेला श्वास. हे त्याला पहिल्यांदा कळलं ते घरच्या पोर्चवर. ऑगस्टची संध्याकाळ होती. बायको अर्मा घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत बसली होती. ती म्हणाली, यंदा झाडातल्या किड्यांनी किरकिरून डोकं उठवलंय मेल्यांनी. वेंडेलने अंगणातल्या एल्मकडे पाहिलं. झाड गप्प होतं.

तो म्हणाला, हो ना.

तिथून खोटं सुरू झालं. पुढे ते कारखान्यात गेलं आणि हिरव्या खुर्चीत येऊन बसलं.

कान कशाने गेले, यात काही गूढ नव्हतं. रिळं भरण्याच्या दालनात मूळ टेप कितीतरी पट वेगाने पळवायचे आणि तिच्यावरून ओळीने मांडलेली मशिनं नकला उतरवायची. दिवसभर तिथे अशी किंकाळी चालायची की दाताच्या मुळाशी कळ जावी. खुर्ची मिळण्याआधी वेंडेलने त्या दालनात उमेदीची वर्षं काढली होती. कानात बोळे घालणाऱ्याला तिथले लोक ‘मावशी’ म्हणायचे. वेंडेलने कधी बोळे घातले नाहीत. उलट, घालणाऱ्यांना मावशी म्हणण्यात तोच पुढे असायचा.

कान गेल्यावर त्याने डोळे वापरायला सुरुवात केली. मीटरचा काटा कुठे थडकतो ते पाहायचं. शेजारी उभ्या असलेल्या रोझली कुबियाकचं तोंड पाहायचं. ती मशीन चालवायची आणि तिचं तोंड पाटीसारखं साफ वाचता यायचं. तिच्या भुवया आक्रसल्या की वेंडेल म्हणायचा, ‘वर जरा खरखरीत आहे.’ तिचा चेहरा मोकळा दिसला की, ‘स्वच्छ.’ कधी चुकलंच तर समोरच्याला वाटायचं, आपलाच कान कच्चा. मोठं नाव असलेल्या माणसाने काही सांगितलं की लोक आपल्या कानावरचा विश्वास काढून घेतात आणि त्याच्या ओंजळीत टाकतात. या धंद्यात निम्मी अक्कल अशीच चालते.

मग आला वेगाचा वाद.

टेप सेकंदाला साडेसात इंच पळाली की आवाजाला पाय पसरायला जागा मिळते. पावणेचार इंचांनी पळवली की तेवढंच गाणं निम्म्या जागेत कोंबावं लागतं. जाड आवाज कसेही मावतात. बारीक आवाजांचं मात्र पीठ होतं, आणि त्या पिठावर टेपची स्वतःची सूंऽऽ पसरते. बोथट निबाने बारीक अक्षर काढायला गेलं की सगळे पोकळ भाग शाईने भरून जातात, तसंच. पण टेप निम्मी लागते, आणि डबा त्याच किमतीला विकता येतो. सदुसष्ट साल होतं. धंद्यातले एकेक जण पावणेचारकडे वळत होते, आणि ग्रॅबनरचीही मान वळायला लागली होती.

वेंडेलने आकाशपाताळ एक केलं. पावणेचारवाले म्हणजे सूपमधलं सत्त्व गाळून पाणी विकणारे, असं तो कँटीनमध्ये टेबलावर मूठ आपटून सांगायचा. ज्याला दोन्हींतला फरक कळत नाही त्याने चपला विकाव्यात, संगीत विकू नये. सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडत होता, कारण ओरडणाऱ्याला ऐकू येत असणार असं लोक धरून चालतात. ओरडताना तो काही खोटंही बोलत नव्हता. साडेसातमध्ये काय असतं ते त्याला पक्कं आठवत होतं. फक्त ते आता आठवणीतच होतं.

या सगळ्यात लुशस पेटवे सापडला.

पेटवे ड्रम वाजवायचा. शिकागोच्या साउथ साइडला राहायचा, दिवसा पोस्टात टपाल लावायचा आणि शनिवारी एका बारमध्ये वाजवायचा. तो काठ्यांना हात लावत नसे. तारेचे ब्रश घेऊन ड्रमच्या चामड्यावर असे गोल फिरवायचा की पलीकडच्या खोलीत कुणी रेशीम फाडतंय असं वाटावं. पूर्वी एका लहानशा स्टुडिओत वेंडेलने त्याचं वाजवणं ध्वनिमुद्रित केलं होतं. तेव्हा त्याने पेटवेला सांगितलं होतं, तुझा डावा हात काय बोलतो ते मला ऐकू येतं. पेटवेला असं याआधी कुणी म्हटलं नव्हतं. ती ओळख टिकली. आता त्याच्या वादकांच्या चौकडीचं पहिलं रीळ निघायचं होतं. दुसरी एक मोठी कंपनी तयार असताना तो ब्रायरक्रेस्टमध्ये आला, तो वेंडेलच्या शब्दावर. साडेसातवरच निघेल, असा तो शब्द होता.

ग्रॅबनरने एक दिवस कँटीनमध्ये सगळ्यांदेखत विषय संपवला.

“पेटवेचं रीळ दोन्ही वेगांनी भरू आणि पडद्यामागून वाजवू. तू दर वेळी बरोबर ओळखलंस, तर तो साडेसातवर निघेल आणि त्याच्यामागून येणारा प्रत्येक जण साडेसातवर. एकदा जरी चुकलास, तर यापुढे या विषयावर तुझं एक अक्षर मला नको.”

“डोक्यावर उशी दाबून ओळखतो,” वेंडेल म्हणाला. लोक हसले. आता मागे फिरायला वाट नव्हती.

गुरुवारी सकाळी ऐकायच्या खोलीत पडदा लागला. तीन मोठे दुकानदार मुद्दाम बोलावले होते. पेटवे राखी सूट घालून आला होता आणि हॅट मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसला होता. पडद्यामागे रोझली आणि दोन मशिनं, दोन्ही कुठल्याही वेगाने चालणारी. आवाज दोन्हींचा सारखा जुळवलेला. एकच तुकडा एकदा एका मशीनवर, एकदा दुसऱ्यावर वाजायचा, कुठलं आधी ते रोझली नाणं उडवून ठरवणार. वेंडेलने फक्त साडेसात कुठलं ते सांगायचं.

आता हे कसं झालं ते नीट सांगितलं पाहिजे. पडदा लागण्याआधी वेंडेल त्या खोलीतून गेला होता. जुन्या मशीनवर भरगच्च रीळ होतं, नव्यावर अर्धवट भरलेलं. पूर्ण वेगाला टेप दुप्पट लागते, म्हणजे जुन्यावर साडेसात. आपण मुद्दाम पाहिलं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. आणि जुनं मशीन सुरू होताना त्याचा ब्रेक सुटायचा, तो जाड आवाजात. ठक्क. नव्याचा नुसता टिक. जाड आवाज वेंडेलला अजून चांगले ऐकू यायचे.

ठक्क झालं की तो म्हणायचा, साडेसात. पहिल्यांदा बरोबर, दुसऱ्यांदा बरोबर, पुन्हा बरोबर. दुकानदार एकमेकांकडे पाहायला लागले. पेटवे हसत होता. वेंडेलला इतका चेव आला की तो नुसता आकडा सांगून थांबेना. बघा कशी हवा खेळतेय, म्हणायचा. झांजेच्या कडेवर बोट ठेवल्यासारखं वाटतंय, म्हणायचा. ग्रॅबनर भिंतीपाशी उभा राहून रुमालाने मान पुसत होता.

मध्ये कॉफी झाली. रोझलीने घरून जर्दाळू भरलेली कोलाची, म्हणजे गोड बन, भाजून आणली होती. सगळ्यांनी बोटं चाटली. त्याच वेळी तिच्या मनात आलं, की ग्रॅबनर उद्या म्हणेल, म्हातारा कारखान्यातलं प्रत्येक मशीन ओळखतो, त्याने टेप नाही, मशीन ओळखलं. वेंडेलच्या जिंकण्यात असं भोक राहू नये, म्हणून ती कुणाला न सांगता लवकर आत गेली आणि तिने दोन्ही रिळांची अदलाबदल केली. भरगच्च नव्यावर, अर्धवट जुन्यावर. वेंडेलवर तिचा एवढा विश्वास होता.

कॉफीनंतर पहिला आला टिक. मग पेटवेचे ब्रश.

“हे पावणेचार,” वेंडेल पाय पसरून म्हणाला. “आता हे ब्रश म्हणायचे? कुणी म्हातारा ओल्या सपाता फरफटत संडासला निघालाय.”

दुकानदार खो खो हसले. मग ठक्क झालं, आणि वेंडेलने डोळे मिटून मान डोलावली, हा घ्या माझा पेटवे. पुढच्या प्रत्येक वेळीही तेच. पूर्ण वेगाच्या पेटवेला त्याने चिखल म्हटलं, गोणपाट म्हटलं, आणि अर्ध्या वेगाच्या पेटवेला रेशीम. कोपऱ्यात पेटवेचं हसू पहिल्या संडासालाच थांबलं होतं. त्याने हॅट उचलली आणि तिची कड बोटांनी चाचपत राहिला. वेंडेलला ते दिसलं. त्याला वाटलं, आपला विनोद जरा जास्त झाला.

रोझली पडद्याबाहेर आली. ती म्हणाली, मधल्या सुटीआधी सगळी बरोबर. सुटीनंतर सगळी चूक. मी रिळं बदलली होती.

वेंडेलच्या कानशिलांतून ऊन ऊन काहीतरी खाली उतरलं. तो खुर्चीतून उठला नाही.

ग्रॅबनर सावकाश म्हणाला, “म्हणजे नाणं उडवून उत्तरं दिली असती, तरी एवढीच बरोबर आली असती.” मग तो कोपऱ्याकडे वळला. “मिस्टर पेटवे, वाजवणं तुमचं आहे. तुम्हाला तरी कळला का फरक?”

पेटवेने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलच्या तोंडावर तेव्हा जे काही होतं ते वाईट होतं. भर रस्त्यात विजार सुटलेल्या माणसाचं तोंड असतं तसं.

“नाही,” पेटवे म्हणाला. “मलाही नाही कळला.”

एक दुकानदार हुश्श करून हसला. वाजवणाऱ्याला कळत नाही तर घेणाऱ्याच्या बापाला काय कळणार, असं म्हणून त्याने शेवटचं कोलाची तोंडात टाकलं.

वेंडेलला बाकी काही कळो न कळो, एवढं लख्ख कळलं, की पेटवेला सगळं ऐकू येत होतं. पहिल्या चुकीलाच त्याचं हसू गेलं होतं. वेंडेलचं तोंड झाकायला त्याने स्वतःचे हात खोटे पाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेल ग्रॅबनरच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच बोलला. मला वरचं ऐकू येत नाही. कालचा निकाल धरू नका. दुसऱ्या कुणाला बसवा आणि पुन्हा परीक्षा घ्या. हे तीन वाक्यांचं बोलणं त्याने वाटेत गाडीत घोकलं होतं.

ग्रॅबनरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ते मला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“नाताळची ऑर्गनची खेप तू पास केलीस, तेव्हापासून ठाऊक आहे. मशीनचं हेड तिरकं बसलं होतं, वरचं सगळं पुसलं गेलं होतं. माझ्या बायकोने रीळ लावलं आणि विचारलं, ऑर्गनवर गोधडी टाकलीय का? आणि तू म्हणाला होतास, ‘स्वच्छ’.”

“मग मला काढलं का नाही?”

“कशाला काढू? सगळ्याला हो म्हणणारा कान, आणि त्या कानाला बाजारात नाव. असा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही, वेंडेल.” तो जरा पुढे झुकला. “तू ओळखणार नाहीस याची खात्री होती म्हणून तर मी दुकानदार बोलावले. पण सुरुवातीला तू बरोबर सांगत सुटलास, तेव्हा मला घाम फुटला. कसं जमवलंस ते?”

हे सांगायलाच हवं असं नव्हतं. पण लाज एकदा सुटली की सगळंच ओकून टाकते. वेंडेलने ब्रेकचं सांगितलं, ठक्कचं सांगितलं, सकाळी पाहिलेल्या भरगच्च रिळाचंही सांगितलं. ग्रॅबनर इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. त्या हसण्यात द्वेष नव्हता. आपल्याच जातीचा माणूस भेटल्याचा आनंद होता. वेंडेलला तो आनंद तोंडावर थुंकल्यासारखा लागला.

“जा, बस खुर्चीत,” ग्रॅबनर म्हणाला. “मी कुणाला बोलणार नाही.”

वेंडेलने तिथून थेट घरी जायला हवं होतं. तो गेला नाही. साठीला टेकलेल्या, कान गेलेल्या ऐकणाऱ्याला कोण कामावर ठेवणार, असा विचार त्याने केला, आणि हिरव्या खुर्चीत जाऊन बसला. रोझली शेजारी उभी होती, पण आता तो तिच्या तोंडाकडे पाहू शकत नव्हता. आलेल्या प्रत्येक खेपेला तो स्वच्छ म्हणाला.

शनिवारी दुपारी तो साउथ साइडला गेला. पेटवे स्वयंपाकघरात संध्याकाळच्या वाजवण्यासाठी शर्टाला इस्त्री करत होता. त्याने वेंडेलला खुर्ची दाखवली आणि इस्त्री चालू ठेवली. वेंडेल सगळं बोलला. पोर्चवरच्या ‘हो ना’पासून ग्रॅबनरच्या हसण्यापर्यंत. मधेच पेटवेने शर्ट उलटा केला, पाण्याचा शिपका मारला.

“तुला ऐकू येत नाही हे मला तिथेच कळलं,” शेवटी तो म्हणाला. “त्याचं काही नाही. माणसाचं काही ना काही जातंच.”

“मग तू खोटं का बोललास?”

“तुझं तोंड बघवेना.” त्याने कॉलर दाबली. “पण घरी आलो आणि जेवण जाईना. जन्मभर मला लोक सांगत आले, काठ्या घे, ब्रश कुणाला ऐकू जातात? मी नाही घेतल्या. कामं गेली तरी नाही घेतल्या. आणि परवा त्या माणसापुढे, त्या तीन ढेरपोट्यांपुढे, मीच म्हणालो की माझा हात मला ऐकू येत नाही. तुझ्यासाठी म्हणालो. आणि तू काय करत होतास? ठक्क ऐकत होतास.”

वेंडेल टेबलाच्या मेणकापडाकडे पाहत राहिला.

“मी काय करू, लुशस?”

“तुझं तू बघ. पण मला ऐकू येत होतं, हे त्यांना सांग. ज्यांच्यापुढे मी बोललो, त्यांच्याचपुढे.”

“त्याने रीळ साडेसातवर नाही निघणार.”

“मी रिळाचं बोलतोय का?” पेटवेने इस्त्री उभी ठेवली. त्याने आवाज चढवला नव्हता, पण वेंडेलला तो अगदी स्पष्ट ऐकू आला. “ऊठ आता. मला आंघोळ करायचीय.”

सोमवारी दुकानदारांना जेवण होतं, त्यांत गुरुवारचे तिघेही होते. भाजलेलं बीफ, कुस्करलेले बटाटे, वर तपकिरी रस्सा. ग्रॅबनरने उभं राहून जाहीर केलं, की यंदाच्या सगळ्या नव्या टेप पावणेचारवर निघतील, आणि आमच्या कानाने स्वतः दिलेला निकाल तुम्ही ऐकलाच आहे. त्याने हात करून वेंडेलकडे बोट दाखवलं. टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच वेंडेल उभा राहिला. लोकांना वाटलं, आभार मानायला.

“मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत,” तो म्हणाला. “बऱ्याच दिवसांपासून येत नाहीत. गुरुवारी मी आधी बरोबर सांगितलं ते मशीनच्या ब्रेकवरून. नंतर चुकलो ते खरं. मिस्टर पेटवेंना मात्र सगळं ऐकू येत होतं. मला लाज वाटू नये म्हणून ते नाही म्हणाले. त्यांचे कान शाबूत आहेत. माझे नाहीत. डब्यांवरचं माझं नाव काढा.”

काटेचमचे थांबले. वेंडेलने वाट पाहिली. कुणी ओरडेल, कुणी ताट सरकवून उठेल, निदान मालकाला जाब विचारेल, असं त्याला वाटलं होतं. ग्रॅबनर लाल झाला होता, पण घाबरलेला दिसत नव्हता. डबे छापून झालेत, एवढंच तो म्हणाला. मग मिलवॉकीच्या दुकानदाराने ओठ पुसले आणि विचारलं, ते सगळं ठीक आहे, पण माल थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी पोचेल ना? ग्रॅबनर म्हणाला, पोचेल. पुन्हा काटेचमचे सुरू झाले. कुणीतरी वेंडेलकडे रश्श्याचं भांडं सरकवलं.

तो बाहेर आला आणि खुंटीवरून कोट काढला. बाही सापडेना. मागून रोझली आली, तिने कोट धरला आणि बाही पुढे केली.

“पेटवेला ऐकू येत होतं, हे त्यांना कळलं असेल ना गं?” त्याने विचारलं.

“मला त्याच दिवशी कळलं होतं,” रोझली म्हणाली. “त्याचं तोंड मी पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं. तुमचंही पाहिलं होतं, मिस्टर हाउप्ट.” तिने त्याची कॉलर सरळ केली. तिचे डोळे भरले होते. “मला आधी सांगायचं तरी होतंत. मी रिळं बदलली नसती.”

तिने ते मायेने म्हटलं होतं. वेंडेलने कोटाची बटणं लावली. एक चुकलं, तेव्हा सगळी काढून पुन्हा पहिल्यापासून लावू लागला, कारण बटणं संपली असती तर त्याला मान वर करून तिच्याकडे पाहावं लागलं असतं.